साक्ष देण्याआधी: मनातलं खरं कोणाला सांगावं, किती आणि कसं

प्रश्न (बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, थोडक्यात): लग्नाला अकरा वर्षं झाली. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. गेलं वर्षभर प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही. रात्री दोन-तीनला जाग येते, मग झोप नाही. नवरा पितो; मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, अर्ध्या लोकांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. आता पाळकांनी पुढच्या महिन्याच्या उपास-प्रार्थनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायला, सांगितलंय. खोटं बोलवत नाही आणि खरं बोलायची हिंमत होत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, ही साक्ष टाळा. पाळकसाहेबांना एवढंच सांगा: "यावेळी माझं नाव नको. सध्या मला ऐकून घेणारं कुणीतरी हवंय, बोलायची ताकद नाही." जास्त कारणं देत बसू नका. माईकपुढे पहिल्यांदा मन मोकळं करायला जाणारे बहुतेक फसतात. समोर सासरचे असतात, माहेरचे असतात, उद्या मुलीची सोयरीक ज्या घरात निघेल तेही असतात, आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. खरं बोलायचा क्रम असा ठेवा: आधी देवाजवळ, मग एका माणसाजवळ, मग गरजेप्रमाणे डॉक्टर किंवा पाळक. मंडळीसमोर सगळ्यात शेवटी, आणि तेही निवडून.

पण त्याच्याही आधी गाठोडं सोडून बघा. तुमच्या चार ओळींत वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात. आपल्या मंडळ्यांत या सगळ्याला एकच नाव पडतं: "विश्वासात थंड पडली." तिथूनच घोळ सुरू होतो. पाप वेगळं, दुखणं वेगळं, शंका वेगळी, आणि दुसऱ्याने आपल्यावर लादलेला त्रास वेगळा. प्रत्येकाचा दरवाजा निराळा आहे. पाप केलं असेल तर ते देवाजवळ आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्याजवळ कबूल करायचं. दुखण्याची कबुली द्यायची नसते, ते दाखवायचं असतं. शंकेला वाचलेला आणि न घाबरणारा माणूस लागतो. आणि नवऱ्याचं पिणं हे तुमचं पाप नाहीच; त्याबद्दल गुडघ्यावर बसून क्षमा मागणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि त्यांना तसं करू देणारे आम्ही पाळकीय काम करणारेही कमी नाही.

तुमच्या बाबतीत मी पहिल्यांदा दुखण्याकडे बघेन. स्वतःला एक प्रश्न विचारा: फक्त प्रार्थनाच कोरडी झालीय, की सगळंच? आवडीचं गीत कानावर पडलं तर बरं वाटतं का, पोरं जवळ आली तर जीव रमतो का, जेवणाला चव लागते का? बाकी सगळं जागेवर असून फक्त प्रार्थना कोरडी असेल, तर तो विश्वासाच्या वाटेवरचा जुना, ओळखीचा टप्पा आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. पण सलग दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहतं, कशातच रस नाही, पहाटे लवकर जाग येते, अंगात त्राण नाही, "माझ्याच्यानं काही होत नाही" असा दोष स्वतःला लागतो, अशी लक्षणं असतील तर ते बहुतेक नैराश्य आहे, आणि त्याला उपचार आहेत. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइडची टी.एस.एच. आणि बी-१२ तपासून घ्या. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड मंदावलं असेल तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो, आणि बायकांत हे फार आढळतं. मानसोपचारासाठी बेळगावला बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात जाता येईल. धारवाडला डिमहान्स ही याच कामाची सरकारी संस्था आहे. जाण्याआधी कागदावर मराठीत पाच ओळी लिहून न्या: कधीपासून, झोप किती तास, भूक कशी, कामं कोणती सुटली, मरणाचे विचार येतात का. डॉक्टर कानडी बोलणारे असले आणि आपण आयत्या वेळी अडखळलो, तरी कागद अडखळत नाही. गोळ्या दिल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. "प्रार्थनेनं बरं वाटलं" म्हणून तिसऱ्या आठवड्यात आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. सगळ्यात जास्त घसरण तिथेच होते.

पवित्र शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट रविवारच्या शाळेत तुम्हीच शिकवली असेल. झुडपाखाली पडून तो मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न चाळीस दिवसांचं चालणं झाल्यावर, होरेब डोंगरावर येतो. आधी झोप आणि भाकरी, मग प्रश्न. हा क्रम मंडळीने पाळला तर निम्मी माणसं वाचतील.

आता देवाजवळचं बोलणं. शब्द फुटत नाही याचं एक कारण भाषा असू शकतं. सीमाभागात घरात मराठी, शाळा कानडी किंवा इंग्रजी, उपासना कुठे मराठी, कुठे कानडी. कॅथलिक घरांत कोंकणी. शिवाय प्रार्थनेची म्हणून एक वेगळीच मराठी आपण शिकलोय, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या"ने सुरू होणारी. त्या भाषेत आभार छान मानता येतात. तक्रार मात्र सांगता येत नाही. म्हणून आठवडाभर ती भाषा बाजूला ठेवा. चुलीपुढे आईशी बोलाल तसं बोला: "देवा, मला प्रार्थना करवंना झालीय. तुझा रागच आलाय मला. रात्री दोनला उठवतोस आणि गप्प बसतोस." हे पाप नाही. १३वं स्तोत्र उघडा. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर" हा सवाल चार वेळा आहे, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. वहीचं एक पान घ्या आणि त्याचे तीन भाग करा. वरच्या भागात तुमचे "कोठवर" लिहा, नावानिशी. मधल्या भागात एकच मागणं, आणि तेही ठोस. "शांती दे" असं मोघम नको, "आज रात्री चार तास झोप दे" असं. शेवटचा भाग भरता आला तर भरा, नाहीतर कोरा ठेवा. कोरा ठेवण्याचा दाखला पवित्र शास्त्रातच आहे: ८८वं स्तोत्र अठरा वचनांचं आहे आणि अंधारातच संपतं, स्तुतीकडे वळत नाही. तरी ते गाण्याच्या पुस्तकात ठेवलंय. त्यातला विश्वास एवढाच, की गाऱ्हाणं देवालाच सांगितलंय. ते पान कोणाच्या हाती लागेल अशी भीती असेल तर लिहून फाडून टाका. लिहिण्याचं काम झालेलं असतं.

आपल्या मातीतही देवाशी भांडण्याची रीत आहे. तुकोबांनी विठोबाशी किती वाद घातला हे कोणाही मराठी माणसाला सांगावं लागत नाही, आणि ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाने देवाजवळ आरडाओरडा केला तर तो काही परका प्रकार करत नाही.

त्यानंतर एक माणूस. इथे घाई करू नका, निवड नीट करा. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचं काम सुरू झालं, तेव्हापासून आपली वस्ती मिशनच्या आवारांभोवती वाढली. भिंतीला भिंत, नात्यात नातं. त्याचा आधार मोठा असतो, आणि गोष्ट संध्याकाळपर्यंत कॅम्पातून टिळकवाडीत पोचते हेही तितकंच खरं. म्हणून जाऊ, नणंद, विहीण, किंवा ज्या घराशी सोयरीक होण्यासारखी आहे ती बाई, या चौघींना पहिल्या यादीतून काढा. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे, त्यांना कळल्याने त्यांचीच कोंडी होते म्हणून. बाईने बाईच निवडावी. वयाने थोडी मोठी, स्वतःच्या घरातलं दुःख झाकून न ठेवणारी, आणि दुसऱ्याबद्दल तुमच्यापुढे कधी न बोललेली. हे शेवटचं महत्त्वाचं. जी तुमच्याकडे इतरांचं आणते ती तुमचंही नेणार.

खात्री नसेल तर आधी छोटी गोष्ट सांगून बघा: "सध्या झोप लागत नाही." दोन आठवडे थांबा. ती गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून "ताई, झोप येत नाही म्हणे?" अशी परत आली, तर माणूस बदला. आली नाही तर भेट ठरवा. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पटांगणात नको. तिथे प्रत्येकाला घरी जायची घाई आणि चार कान जवळ. मधल्या वारी, तिच्या घरी कोणी नसताना, तासभर हाताशी असेल अशी वेळ. आणि पहिली तीन वाक्यं पाठ करून जा, कारण नेमकी तीच घशात अडकतात:

"मला तुमच्याकडून उपाय नको, वीस मिनिटं फक्त ऐका. हे घरच्यांनाही सांगू नका, प्रार्थनेत नाव घेऊनही नको. मला वर्षभर प्रार्थना होत नाहीये आणि मी रविवारी खोटं हसते."

एवढं बोलून थांबा. बाकीचं तिने विचारलं की येतं. सगळं एका बैठकीत ओतायचं नाही. तिलाही रात्री झोपायचंय. उठण्याआधी पुढची भेट ठरवा, आठ-दहा दिवसांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी "कशाला सांगितलं" असा पश्चात्ताप जवळजवळ प्रत्येकाला होतो. तो आला म्हणजे चूक झाली असं नाही. फोन करून "काल मी उगाच काहीतरी बोलले" असं सांगून दार परत लावून घेऊ नका.

पाळकांकडे जाल तेव्हा दोन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या. पहिली, हे पाळकीणबाईंना, पंचांना सांगणार का? बरेच पाळक बायकोजवळ सहज बोलतात, मनात वाईट नसतं. दुसरी, बदलीची. मेथडिस्ट आणि सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया) मंडळ्यांत पाळकांच्या बदल्या होतात. येणाऱ्या पाळकांना तुमची हकीगत "माहितीसाठी" दिली जाऊ नये, हे तोंडाने सांगून ठेवा. कॅथलिक असाल तर फरक लक्षात घ्या: पापनिवेदनात, म्हणजे कुमसारात, सांगितलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, ते थेट फोडलं तर चर्चच्या कायद्याने ते आपोआप बहिष्कृत होतात. पण कुमसार पापासाठी आहे आणि रांगेत मागे माणसं उभी असतात. मनाचा भार सांगायला वेगळी वेळ मागा, आणि गावातल्या फादरांपुढे संकोच वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जायला काहीच हरकत नाही. एक बाब मात्र कोणीही गुप्त ठेवायची नाही: लहान मुलावर लैंगिक अत्याचार. २०१२च्या पॉक्सो कायद्याने हे कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. "मंडळीची बदनामी होईल" हे कारण तिथे चालत नाही. मुलांसाठीचा नंबर १०९८.

यजमानांच्या पिण्याबद्दल. त्यांची गोष्ट त्यांची आहे. तुम्ही सांगायची ती फक्त त्याने तुमचं काय होतं ती. "ते रोज पितात, परवा पगार उडवला" हे तुमच्या एका माणसाजवळ आणि डॉक्टरांजवळ ठीक. मंडळीत "घरी अडचण आहे" इथेच थांबा. हात उचलत असतील तर प्रकरण वेगळं होतं. तेव्हा पाळकांनी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायचा नसतो. खोलीत खरं बोलणाऱ्या बाईला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. तिच्याशी एकटीशी बोलावं, १८१ हा महिलांचा नंबर आणि ११२ हा तातडीचा नंबर तिच्याकडे असावा, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण मागता येतं हे सांगावं.

दारूबाबत मंडळीत होणारी एक चूक जिवावर बेतते. उपास-प्रार्थनेत माणूस रडतो, हात वर करतो, "आजपासून बंद" म्हणतो, सगळे हालेलुया म्हणतात आणि तो घरी जातो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. अशा माणसाला "सैतान लागलाय" म्हणून पुन्हा प्रार्थनेला बसवतात. हे वैद्यकीय संकट आहे. त्याला तातडीने इस्पितळात न्यायला हवं. त्याच्या पश्चात्तापाबद्दल शंका घेऊ नका, पण त्याच रात्री त्याला डॉक्टरांकडे न्या. पुढे टिकायला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा उपयोगी पडतात. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पाचवी म्हणजे आपलं चुकलेलं देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ कबूल करणं. पाहा, तिथेही एकच माणूस. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात, तुमच्यासाठी ते.

व्हॉट्सअॅपवरच्या प्रार्थना-विनंत्यांबद्दल थोडं. "अमुक ताईंच्या घरी फार प्रॉब्लेम आहे, यजमानांनी परत सुरू केलंय, सर्वांनी प्रार्थनेत धरा": हा संदेश टाकणाऱ्याला आपण सेवा करतोय असंच वाटतं, पण पाच मिनिटांत तो गोव्यातल्या आत्याकडे पोचलेला असतो. असा लिहा: "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा. नाव देवाला माहीत आहे." आणि हा संदेशही त्या कुटुंबाला विचारूनच टाकायचा.

पुढे कधीतरी साक्ष द्यावीशी वाटलीच, तर ती देता येईल, आणि मंडळीला तशा साक्षीची फार गरज आहे. आपल्याकडच्या बहुतेक साक्षी भूतकाळात असतात: आजारी होतो, बरा झालो, पीत होतो, सुटलो. ऐकणाऱ्यांतला जो अजून सुटलेला नाही तो घरी जाऊन समजतो की आपल्यातच खोट आहे. म्हणून वर्तमानकाळात बोला, तीन मिनिटांत. जे बोलणार ते आधी किमान एका माणसाला माहीत असलेलं हवं. जखम अजून वाहत असेल तर ती झाकलेलीच राहू द्या. असं काहीतरी:

"मला वर्षभर प्रार्थना होत नव्हती. अजूनही बरेच दिवस होत नाही. मी डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. एका बहिणीजवळ मी खरं बोलले आणि ती दर आठवड्याला माझ्यासाठी प्रार्थना करते, कारण मला जमत नाही. आज माझ्याजवळ सांगायला एवढंच आहे."

आणि बसा. नंतर कोणी म्हणेल, "छान बोललात, पण विजय सांगायचा राहिला." त्यांना मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलाला घेऊन आलेला तो बाप दाखवा, जो आपला विश्वास आहे आणि अविश्वासही आहे असं एका दमात येशूला सांगतो. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं म्हटलं नाही, मुलगा तिथेच बरा केला.

रविवारच्या शाळेतून तीन महिने सुट्टी घ्या. "तब्येत बरी नाही" एवढं कारण पुरेसं आहे आणि खरंही. शिकवत राहायचं ठरवलंत, तर मुलांना "मलाही कधीकधी प्रार्थना जमत नाही" हे एक वाक्य जरूर सांगा, घरचं काही नको. दहा वर्षांच्या मुलाला त्या एका वाक्याने पुढची कित्येक वर्षं आधार मिळतो.

हे पाळक किंवा वडीलजन वाचत असतील तर त्यांच्यासाठी. कोणी खरं सांगायला आलं की पहिली दहा मिनिटं वचन काढू नका. दुःखात बुडालेल्या ईयोबाजवळ त्याच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री गप्प बसून जे केलं ते बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं. पवित्र शास्त्र मिटलेलं राहू द्या, फोन उलटा ठेवा, चहा येऊ द्या. झोप, जेवण, काम यांची विचारपूस करा. आणि खिन्नता खोल वाटली तर सरळ शब्दांत विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास सोडतो. "हो" म्हणाला तर पुढचं विचारा: कसं, साधन घरात आहे का, कधी. आपल्या भागात ऊस, तंबाखू, भाजीपाल्याची शेती. फवारणीचं औषध गोठ्यात किंवा माळ्यावर असतंच. ती बाटली त्याच दिवशी शेजाऱ्याकडे किंवा कुलपात गेली पाहिजे, कारण तो झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि हाताशी औषध नसलं तर माणूस वाचतो. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर चोवीस तास, फुकट चालतो. कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केसच्या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं धरलं जातं आणि त्या माणसावर खटला चालवत नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. "प्रार्थना केलीस का?" नको, "रात्री किती वाजता झोप लागली, आणि आज सकाळी काय खाल्लंस?" एवढं विचारा.